मोठ्या आतड्याचा कर्करोग: दुर्बीण, रोबोट की गुदद्वारातून?

ठाण्यात एक डॉक्टर लॅप्रोस्कोपी म्हणजे दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुचवतात, वाशीत दुसरे रोबोटिक, आणि दोन्ही एस्टिमेटमध्ये मोठी तफावत. मशीनचा विचार नंतर करा. आधी कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट काढून गाठ गुदद्वारापासून किती सेंटिमीटरवर आहे ते पाहा. साधारण १५ सेंमीच्या आत असेल तर तो गुदाशयाचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा कर्करोग, त्यापुढे कोलनचा, म्हणजे बाकीच्या मोठ्या आतड्याचा.

कोलनसाठी दुर्बीण पुरते, असं आमचं स्पष्ट मत आहे. पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, ५ ते १२ मिमीच्या चार-पाच छिद्रांतून काम चालतं आणि आतड्याचा तुकडा लसीकाग्रंथींसह (लिम्फ नोड) एका छोट्या चिरेतून बाहेर येतो. कर्करोग परत येण्याचं प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा वाढत नाही, हे २००४ सालच्या अमेरिकी ‘कॉस्ट’ चाचणीने दाखवलं. इथे रोबोटसाठी कर्ज काढू नका.

गुदाशयाचं गणित वेगळं. तो त्याच्याभोवतीच्या चरबीच्या आवरणासकट, कुठेही न फाटता काढावा लागतो. आवरण फाटलं तर कर्करोगाच्या पेशी मागे राहू शकतात. बाजूनेच लघवीच्या आणि लैंगिक क्रियेच्या नसा जातात. पुरुषाचं अरुंद ओटीपोट, त्यात स्थूलपणा आणि खालची गाठ, असं असेल तर दुर्बिणीची सरळ हत्यारं एकमेकांवर आपटतात. रोबोटचं हत्यार मनगटासारखं वळतं, कॅमेराही स्थिर राहतो. तरीही २०१७ च्या ‘रोलार’ चाचणीत मध्येच पोट उघडावं लागण्याचं प्रमाण दुर्बिणीत १२.२ टक्के आणि रोबोटमध्ये ८.१ टक्के आलं, म्हणजे ठाम निष्कर्ष काढण्याइतका फरक नव्हता. शिवाय बहुतेक रोबोटमध्ये सर्जनच्या हाताला स्पर्श कळत नाही, ओढ जास्त झाली तर ऊती फाटते. म्हणून गुदाशयाच्या अशा किती शस्त्रक्रिया केल्यात, हे सर्जनला थेट विचारा. गरज पडली तेव्हा पोट उघडणं हे अपयश नव्हे, शहाणपण आहे.

गुदद्वारातूनच गाठ काढण्याचा पर्याय ऐकायला सर्वांत सोपा, पण तो मोजक्यांसाठीच आहे: गाठ टी-१ (म्हणजे आतड्याच्या भिंतीच्या आतल्या थरांपुरतीच), ३ सेंमीपेक्षा लहान आणि घेराच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी. यात लसीकाग्रंथी निघत नाहीत. काढलेल्या गाठीच्या तपासणीत ती खोलवर गेलेली दिसली तर बहुधा मोठी शस्त्रक्रिया करावी लागते.

खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलचं केंद्र) किंवा आणखी कुठे दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसते रिपोर्ट नेऊ नका. एमआरआयची सीडी, बायोप्सीच्या स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) लॅबमधून मागून घ्या. शस्त्रक्रियेनंतरच्या रिपोर्टमध्ये किमान १२ ग्रंथी तपासल्यात का आणि काढलेल्या तुकड्याची बाजूची कड कर्करोगापासून १ मिमीपेक्षा जास्त मोकळी आहे का, ते बघा.

खालच्या गाठीत आतड्याच्या दोन टोकांचा जोड भरेपर्यंत बहुधा पोटावर मलासाठी तात्पुरती पिशवी लागते. लहान आतड्याची असेल तर पातळ मल येतो. तो मापाच्या भांड्यात मोजा. दिवसाला दीड लिटरच्या वर गेला तर पाणी आणि क्षार झपाट्याने घटतात, मूत्रपिंडावर ताण येतो. अशा वेळी नुसतं पाणी पीत राहू नका, ओआरएस घ्या आणि डॉक्टरांना कळवा.

पद्धत कोणतीही असो, आतड्याचा जोड गळण्याची भीती राहतेच. ताप, वाढलेली नाडी, फुगलेलं पोट ही लक्षणं बहुधा पहिल्या आठवड्यात दिसतात, आणि दुर्बिणीचा पेशंट तोवर कधीकधी घरी आलेला असतो. घोडबंदर रोडला राहत असाल आणि शस्त्रक्रिया नवी मुंबईत असेल, तर रात्री कुठे जायचं आणि कोणत्या नंबरवर फोन करायचा, हे डिस्चार्जच्या कागदावरच लिहून घ्या.