काळी पायाची मशीन की पांढरी झिगझॅग: घरच्या शिवणासाठी कुठली घ्यावी?

घरच्यापुरतं शिवायचंय, म्हणजे भाजीच्या पिशव्या, उशांचे अभ्रे, पडद्याची दुमड, बाळाचं झबलं-टोपरं, फार तर एखादी गोधडी, ब्लाऊजच्या वाटेला सध्या जायचं नाहीये, तर मग स्टँडवरची काळी पायाची मशीन घ्यायची का टेबलावर ठेवायची, विजेवर चालणारी पांढरी झिगझॅगवाली, म्हणजे नागमोडी टीपही मारणारी, हा प्रश्न शिवायला बसू म्हणणाऱ्या जवळपास प्रत्येकाला पडतो. माझ्या घरी दोन्ही होत्या, काळी आईची आणि पांढरी आम्ही नंतर घेतलेली. बरीच वर्षं दोन्हींवर शिवलं आणि घर बदलताना जागा एकीलाच होती म्हणून पांढरी बहिणीकडं गेली, काळी राहिली. पण ती आमच्या घरासाठी बरोबर म्हणून सगळ्यांसाठी बरोबर असं मी म्हणणार नाही, म्हणून दोन्ही बाजू मांडतोय.

आधी एक गोष्ट. सरळ टीप दोन्हींची सारखीच असते. वरचा दोरा, खालच्या बॉबीनचा म्हणजे छोट्या रिळाचा दोरा, दोघांची कापडाच्या मध्ये गाठ, बस. 1851 मध्ये आयझॅक सिंगरला ज्या मशीनचं पेटंट मिळालं तिचं तत्त्वही हेच होतं, आणि आज दुकानात मिळणारी घरगुती मशीन त्याच तत्त्वावर चालते. त्यामुळं 'नवीन मशीनची शिलाई जास्त मजबूत' असं कुणी सांगितलं तर ते तितकंसं खरं नाही. मजबुती दोऱ्यावर, सुईवर आणि दोरा किती ताणलाय त्यावर असते. मलमलला 11 नंबरची सुई, रोजच्या कॉटनला 14, जीन्स किंवा जाड कॅनव्हासला 16, हे एवढं पाळलं तरी नव्या माणसाच्या निम्म्या तक्रारी मिटतात.

आता पांढरीच्या बाजूनं बोलायचं तर तीन कामं अशी आहेत की त्यात काळी तिच्यासमोर उभीच राहू शकत नाही. पहिलं म्हणजे टी-शर्ट, लेगिंग, जे काही ताणलं जातं ते कापड. त्यावर सरळ टीप मारली की घालताना ओढ बसते आणि टीप कटकन तुटते, तिथं झिगझॅगच लागतो, आणि जमलं तर होजिअरीची गोल टोकाची सुई. दुसरं काजं. पांढरीवर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा सुईजवळचा भाग, बदललं, चकती फिरवली की काज तयार, काळीवर मात्र काजं हातानंच करावी लागतात. तिसरं म्हणजे सुटणारी कड. खणाचं कापड ज्यांनी कापलंय त्यांना माहिती असेल, कात्री लागते न लागते तोवर धागे सुटायला लागतात. पांढरीवर कडेनं एक झिगझॅग फिरवला की ते तिथंच थांबतं. शिवाय तिला दिवा असतो, ती खिडकीच्या उजेडावर अडून राहत नाही, आणि पडद्यासारखी लांबच लांब टीप मारायची असेल तर पॅडल दाबून बसलं की झालं, पाय हलवत बसायला नको.

बहिणीला तीन-चार वर्षांची जुळी मुलं आहेत, त्यांचे टी-शर्ट, पायजम्याचं इलॅस्टिक, शाळेच्या युनिफॉर्मची काजं, तिच्याकडं ती मशीन रोज चालते आणि अगदी योग्य घरात गेली असं मला मनापासून वाटतं.

पण तुमच्या यादीत ही तीन कामं नसतील तर? तिथं गंमत आहे. झिगझॅग नाही म्हणून काळीवर अडून बसायची वेळ माझ्यावर फारशी आलीच नाही, कारण घरच्या बहुतेक वस्तूंमध्ये कड दिसायलाच नको अशी शिवता येते. बाळाचं झबलं घ्या. मलमलच्या एकेरी कडेवर झिगझॅग मारला तर ती कड गोळा होते आणि बाळाच्या अंगाला टोचते. त्यापेक्षा फ्रेंच शिवण घालायची: कापडाच्या उलट्या बाजू समोरासमोर ठेवून पाव इंचावर पहिली टीप, उरलेलं कापड बारीक कापून टाकायचं, मग उलटवून परत एक टीप, म्हणजे सगळे धागे आतल्या आत बंद. आत-बाहेर दोन्हीकडून स्वच्छ. काजांच्या जागी टिचबटण किंवा बंद, झबल्याला तेच बरं पडतं. बारशासाठी खणाची कुंची शिवलीत तर तिला आतून मलमलचं अस्तर लागतंच, नाहीतर जरीचे धागे टोचतात, आणि अस्तर लावलं की कड आपोआप मध्ये जाते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून खणाचे छोटे बटवे करतात तेही तसेच, खण आणि अस्तर सुलट बाजू समोरासमोर ठेवून शिवायचे, थोडी जागा सोडायची, तिथून उलटवायचं आणि तेवढी जागा हातानं हेम करून टाकायची. फक्त खण कापायच्या आधी त्याला मागून इस्त्रीनं चिकटणारं पातळ कॅनव्हास लावून घ्या, मग कापताना धागे सुटत नाहीत. खणाचा पन्हा लहान असतो, त्यामुळं बटव्यांचा हिशोब आधी कागदावर मांडलेला बरा.

आणि उरलं एखादं काम, तर गल्लीतल्या टेलरकडं इंटरलॉक मारून मिळतं, त्याला फार पैसे पडत नाहीत. साडीचं फॉल-पिको तर असंही बहुतेक जण बाहेरूनच करून आणतात.

जाड कामात मात्र दोघींचा फरक हाताला कळतो. जुन्या जीन्सची पिशवी शिवताना बंद जिथं तोंडाच्या पट्टीला जोडतो तिथं सहा-आठ पदर एकावर एक येतात. आमची पांढरी तिथं येऊन घुरघुरायची आणि थांबायची, मग चाक हातानं फिरवून एकेक टाका घ्यायचा. फुटाच्या मागच्या बाजूला कापडाची घडी किंवा पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून फूट सपाट केलं तर ती चालायची, नाही असं नाही, ही युक्ती कुठल्याही मशीनला लागू आहे. काळी बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, जड, ती त्या पदरांवरून हळू पण न कुरकुरता जाते. सगळ्याच पांढऱ्या मशीन अशा असतील असंही नाही, चांगल्या दणकट येतात, पण त्यांची किंमतही मग तशीच असते.

गोधडीतही थोडं तसंच. पाच-सहा जुन्या साड्यांचे थर एकत्र करून वर धावदोरा घालायचा, त्याचं वजन बरंच होतं. टेबलावर ठेवलेल्या मशीनची पातळी टेबलापेक्षा उंच, त्यामुळं गोधडी कडेवरून खाली लोंबते आणि स्वतःच्या वजनानं कापड ओढते, टाके कुठं लहान कुठं मोठे पडतात आणि चुण्या येतात. काळी मशीन स्टँडच्या फळीत बसवलेली असते, कापड सपाट सरकतं. गुंडाळी करून ती मशीनच्या पोटातून ढकलणं दोन्हीकडं जिकिरीचंच आहे म्हणा, मोठ्या गोधडीला मी आधी हातानं वीत-वीत अंतरावर कच्चा दोरा घालून घेतो आणि मधून बाहेरच्या बाजूला शिवत जातो, म्हणजे पदर सरकत नाहीत. खरी मऊ गोधडी हातशिलाईचीच, हे मान्य.

पण या सगळ्यानं माझा निर्णय झाला नाही. झाला तो एका अगदी साध्या गोष्टीनं, काढा-ठेवीनं.

पांढरी मशीन टेबलावर ठेवायची, बरोबर, पण कुठल्या टेबलावर? आमच्या घरात टेबल एकच, जेवायचं. मशीन कपाटात वरच्या कप्प्यात. रात्री उशीचा अभ्रा उसवलेला दिसला, काम किती, जेमतेम वीतभर टीप. पण त्यासाठी स्टूल घ्या, सहा-सात किलोचं धूड खाली काढा, टेबलावरचं पाण्याचं भांडं, लोणच्याची बरणी, मुलीची वह्या-पुस्तकं उचला, एक्स्टेन्शन बोर्ड शोधा कारण प्लग टेबलापर्यंत पोचत नाही, पॅडल खाली ठेवा, बॉबीनला आधीच्या कामाचा लाल दोरा आहे तो काढून पांढरा भरा, आणि एवढं करून टीप मारली की सगळं परत वर. साहजिकच माणूस म्हणतो, रविवारी बघू. रविवारी बसावं तर कापड कापून, टाचण्या लावून दोन बाजू शिवून होतात तोवर जेवायची वेळ होते, मग अर्धवट काम टाचण्यांसकट गोळा करून पलंगावर, आणि तिथून ते कुणीतरी हलवतं आणि खुणा पुसल्या जातात. शिवायच्या कपड्यांची एक पिशवी दाराच्या मागं लटकलेली असायची, ती कधी रिकामी झाली नाही, त्यातला मुलीचा फ्रॉक शिवायच्या आत तिला लहान झाला. मशीनमध्ये काही खोट नव्हती, ती चालायची छान, पण ती बाहेर निघायचीच नाही.

काळी स्वतःचं टेबल स्वतःबरोबर घेऊन येते. ती खिडकीखाली उभी आहे, दोरा ओवलेला आहे, येता-जाता बसलं, टीप मारली, उठलं. कुकरची शिट्टी होईपर्यंत एक पिशवीचा बंद शिवून होतो. अर्धवट काम फुटाखाली तसंच ठेवून जेवायला जाता येतं. घरच्या शिवणात मोठे बेत कमी आणि असली वीतभर कामंच जास्त असतात, निदान आमच्याकडं तरी, आणि ती कामं मशीन उभी असेल तरच होतात. आता घरात उसवलेली वस्तू दोन दिवसांच्या वर पडून राहत नाही आणि मुलगी स्वतःच्या बाहुलीचे कपडे स्वतः शिवते. एक नियम मात्र पाळावा लागतो, मशीनवर काहीही ठेवायचं नाही, पेपर नाही, इस्त्रीचे कपडे नाहीत, नाहीतर तीही बंद पडल्यातच जमा.

ज्यांच्याकडं मशीनसाठी वेगळं टेबल आहे, किंवा एक खोली रिकामी आहे, त्यांना हा मुद्दा लागूच होत नाही, त्यांनी पांढरीचा विचार जरूर करावा. ज्यांना दर दोन वर्षांनी घर बदलावं लागतं त्यांनीही, कारण काळी आणि तिचं स्टँड जिन्यावरून चढवणं हे दोन माणसांचं काम आहे. पायाची लय यायलाही वेळ लागतो, सुरुवातीला चाक उलटं फिरतं आणि दोरा गुंततो किंवा तुटतो. त्यावर शिवणक्लासमध्ये देतात तोच सराव बरा, दोरा न ओवता वहीच्या रेघांच्या कागदावर नुसती सुई चालवायची, आधी सरळ रेघ, मग चौकोन, मग गोल. एकदा लय आली की टोपऱ्याच्या गोलाईवर एकेक टाका मोजून घेता येतो, पॅडलवर तेवढं हळू चालवणं मला तरी कधी नीट जमलं नाही. गुडघे दुखत असतील तर काळीला मोटर बसवून मिळते, पट्टा तसाच ठेवता येतो, लाइट गेली की परत पायावर. लहान मूल असेल तर काम झालं की पट्टा चाकावरून उतरवून ठेवायचा, बोटं अडकायची भीती राहत नाही. पांढरीची पिन काढून ठेवायची, आणि पॅडल जमिनीवर सोडायचं नाही.

दुरुस्तीचं म्हणाल तर काळीला महिन्याकाठी तेलाचे चार थेंब आणि शटलजवळचा, म्हणजे खाली बॉबीन बसते तिथला, कापसासारखा कचरा काढणं एवढं पुरतं, आणि तालुक्याच्या गावातही तिचा मेकॅनिक आणि पार्ट मिळतात. पांढरीला बऱ्याचदा सर्व्हिस सेंटरच गाठावं लागतं, शहरात असाल तर त्यात अडचण नाही.

नवीन घ्यायच्या आधी नात्यात विचारून बघा, कुणाच्या तरी माळ्यावर काळी मशीन पडलेली असतेच, आणि बहुतेकदा तिला तेल, नवा पट्टा आणि सुई एवढंच हवं असतं. बघताना चाक हातानं फिरवा, जड जात असेल तर तेल घालून परत फिरवा, तरीही अडकत असेल किंवा शटलपाशी गंजानं खड्डे पडले असतील तर सोडून द्या. आणि दुकानातून कुठलीही घेणार असाल, काळी किंवा पांढरी, तर स्वतःचं कापड घेऊन जा: मलमलचा एक तुकडा आणि जुन्या जीन्सची कड, चार पदरी घडी होईल एवढी. दुकानदार नेहमी कडक पॉपलीनवर टीप मारून दाखवतो, आणि पॉपलीनवर सगळ्याच मशीन चांगल्या चालतात.