पायांचा वास: पावडर, घामरोधक की बुटांची अदलाबदल?

पायांच्या वासावर उपाय निवडण्यापूर्वी सकाळी दोन मिनिटांची एक तपासणी करावी. रात्रभर बाजूला पडलेला बूट पाय घालण्याआधी हुंगून पाहावा, आणि मग आदल्या रात्री धुऊन पुसलेल्या पायाच्या बेचकीतून हाताचे बोट फिरवून तेही हुंगावे. वास बुटाला असेल आणि पायाला नसेल, तर पायाला काहीही चोपडून फारसा फरक पडणार नाही. धुतलेल्या पायालाच सकाळी वास येत असेल, तर दोष कातडीवरच्या जिवाणूंचा आहे. दोन्हींना विशेष वास नाही, पण दुपारपर्यंत मोजे पिळता येतील इतके ओले होतात, असे असेल तर मूळ घामातच आहे. मी स्वतः ही तपासणी न करता दोन-तीन वर्षे पावडरीचे डबे संपवले. दोष होता बुटाच्या आतल्या तळात, आणि तो पावडरीमुळे उलट अधिकच चिकट झाला होता.

ही विभागणी का उपयोगी पडते, हे समजण्यासाठी वास कसा तयार होतो ते पाहिले पाहिजे. दोन्ही पायांत मिळून घामाच्या सुमारे 2,50,000 ग्रंथी असतात, आणि तळहात व तळपाय यांच्याइतकी त्यांची दाटी शरीरावर अन्यत्र क्वचितच आढळते. या ग्रंथींतून येणारा घाम म्हणजे बहुतांशी पाणी आणि मीठ, त्यामुळे तो ताजा असताना त्याला जवळजवळ वास नसतो. मात्र बंद बुटात तो सुकत नाही, तळव्याची जाड कातडी त्याने भिजून फुगते आणि तिच्यावर राहणाऱ्या जिवाणूंना मेजवानी मिळते. स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस हा कातडीवरचा नेहमीचा जिवाणू घामातील ल्युसिन या अमिनो आम्लापासून आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार करतो, आणि पायांचा तो ओळखीचा आंबूस दर्प मुख्यतः या आम्लाचा असतो. ब्रेव्हिबॅक्टेरियम गटातील जिवाणू गंधकयुक्त वायू सोडतात. याच गटातला एक भाईबंद लिम्बर्गर हे उग्र वासाचे चीज पिकवण्यासाठी वापरला जातो, त्यामुळे चीज आणि पाय यांची तुलना केवळ थट्टेची नाही. मलेरिया पसरवणारी ॲनोफिलिस गॅम्बी डासाची मादी या चीजच्या वासाकडे मानवी पायांच्या वासाइतकीच ओढली जाते, हे दाखवणारे संशोधक बार्ट नॉल्स आणि त्यांच्या सहकाऱ्याला 2006 साली जीवशास्त्राचे इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे पारितोषिक, मिळाले होते.

थोडक्यात, ओल, जिवाणू आणि वास धरून ठेवणारे बूट-मोजे अशा तीन कड्यांची ही साखळी आहे, आणि बाजारातला जवळजवळ प्रत्येक उपाय यांपैकी एकच कडी तोडतो. आपल्याला न लागू होणारा उपाय घेतला की तो ‘निकामी’ ठरतो, एवढेच.

पावडर की घामरोधक

पावडर झालेला घाम टिपते, तर घामरोधक द्रावण घाम बाहेर येण्याआधीच अडवते. टाल्क किंवा मक्याच्या पिठाची साधी पावडर कोरड्या पायावर पातळ थरात लावली तर घर्षण कमी होते आणि पहिले दोन-तीन तास पाय कोरडे वाटतात. पण ज्याचा घाम जास्त आहे त्याच्या बुटात तिचा दुपारपर्यंत लगदा होतो आणि तो बेचक्यांत साचतो. माझ्या मते पावडर ही थोडा घाम येणाऱ्यांसाठी आणि मुख्यतः उघड्या पादत्राणांसाठी ठीक आहे. नुसते सुगंधी डिओडरंट तर याहूनही मागे, कारण ते बऱ्याचदा एका वासावर दुसरा वास चढवते.

ॲल्युमिनियम क्लोराइडचे द्रावण वेगळ्या पद्धतीने काम करते. त्यातील क्षार घामाच्या नळीच्या तोंडाशी बूच तयार करतात आणि घाम काही काळ बाहेर येऊ शकत नाही. तळपायांसाठी साधारण 20 टक्के तीव्रतेचे द्रावण वापरतात, आणि ते सकाळी नव्हे तर रात्री झोपताना लावायचे असते, कारण त्या वेळी घाम सर्वांत कमी असतो आणि क्षाराला नळीत बसायला वेळ मिळतो. पाय पूर्ण कोरडे असणे ही येथे अट आहे. ओलसर कातडीवर हे द्रावण पाण्याशी संयोग पावून आम्ल तयार करते आणि पायांची चांगलीच आग होते. सकाळी ते धुऊन टाकावे, सुरुवातीला काही रात्री सलग लावावे आणि घाम आटोक्यात आल्यावर आठवड्यातून एक-दोनदा पुरते. भेगा, जखमा किंवा नुकतेच खाजवलेले पाय असतील तर मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये. दुपारी मोजे ओले होणाऱ्या वाचकाने पावडर सोडून सरळ याकडे वळावे.

साबण, औषधी वॉश आणि पाय भिजवणे

आंघोळीचे साबणाचे पाणी पायांवरून वाहून गेले म्हणजे पाय धुतले गेले, हा गैरसमज फार पसरलेला आहे. प्रत्येक बेचकीत बोट घालून साबण चोळणे आणि नंतर टॉवेलचा कोपरा त्याच बेचकीत फिरवून ओल टिपणे, एवढ्यानेच अनेकांचे काम भागते. टाचेची जाड मृत कातडी अधूनमधून घासून काढली तर जिवाणूंचे खाद्यही कमी होते.

साध्या साबणाने भागत नसेल तर बेन्झॉइल पेरॉक्साइड असलेला वॉश ही पुढची पायरी आहे. मुरुमांसाठी मिळणारे हेच औषध तळव्यावरच्या जिवाणूंवरही चालते. पायाला लावून एक-दोन मिनिटे ठेवावे आणि धुवावे. त्याचा एक तोटा असा की ते कापडाचा रंग उडवते, म्हणून पाय पांढऱ्या टॉवेलला पुसावेत, नाहीतर रंगीत टॉवेलवर फिकट डाग कायमचे राहतात.

चहात किंवा व्हिनेगरमध्ये पाय भिजवण्याचा उपाय घरगुती असला तरी त्यामागे तर्क आहे. काळ्या चहातील टॅनिन कातडी आकसून घेते, त्यामुळे घाम थोडा कमी होतो; दोन टी-बॅगा अर्ध्या लिटर पाण्यात 15 मिनिटे उकळून, त्यात सुमारे दोन लिटर थंड पाणी घालून अर्धा तास पाय बुडवतात. व्हिनेगर कातडीवर आम्लता वाढवून जिवाणूंना नकोसे वातावरण तयार करते, पण भेगांना झोंबते. या दोन्हींत निवड करायची तर मी चहा निवडेन, मात्र त्यासाठी रोजचा अर्धा तास कोण काढणार, हा खरा प्रश्न आहे. त्यापेक्षा घामरोधक द्रावण कमी कष्टांत अधिक काम करते. मधुमेह असलेल्यांनी पाय भिजवण्याचे कोणतेही प्रकार टाळावेत, कारण संवेदना कमी झालेल्या पायावर भिजलेली कातडी फाटून जखम झाली तरी ती कळत नाही.

डॉक्टरांकडे केव्हा

ओल्या तळव्यावर, विशेषतः टाचेवर आणि चवड्यावर, टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसत असतील तर तो पिटेड केराटोलिसिस हा जिवाणूजन्य विकार असतो. कोरड्या पायावर हे खड्डे नीट दिसत नाहीत, म्हणून पाय दहा मिनिटे पाण्यात ठेवून उजेडात पाहावे. त्यावर लावण्याची प्रतिजैविके डॉक्टर देतात आणि वास बहुधा काही आठवड्यांत जातो. याउलट बोटांच्या मधली कातडी पांढरी पडून सोलत असेल आणि खाज असेल तर बुरशीचा संशय घ्यावा. तिथे जिवाणूंवरची औषधे उपयोगी नाहीत.

आजार नाही पण घामच अतोनात आहे, अशांपुढे तीन मार्ग असतात. आयंटोफोरेसिसमध्ये पाय पाण्याच्या उथळ तबकात ठेवून सौम्य विद्युतप्रवाह सोडतात. सुरुवातीला आठवड्यातून काही वेळा, प्रत्येक वेळी साधारण 15 ते 20 मिनिटे. पेसमेकर असलेल्यांना आणि गरोदर स्त्रियांना तो चालत नाही. बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने काही महिने घाम थांबवतात, परंतु तळव्यात सुई टोचून घेणे अत्यंत वेदनादायक असते. गोळ्या सर्व शरीराचा घाम कमी करतात आणि तोंड कोरडे पडणे हा त्यांचा नित्याचा त्रास आहे. या तिघांत वेळ देता येत असेल तर आयंटोफोरेसिस आधी करून पाहणे शहाणपणाचे.

मोजे आणि बूट

सुती मोजे चांगले, हे आपण ऐकत आलो आहोत आणि ते अर्धेच खरे आहे. सूत घाम शोषते, पण सोडत नाही, आणि ओला सुती मोजा दिवसभर कातडीला चिकटून राहतो. मेरिनो लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के बाष्प शोषूनही हाताला ओली लागत नाही आणि वासही कमी धरते. ती उबदार हवेतही पातळ विणीत वापरता येते. पॉलिएस्टर लवकर सुकते, पण कातडीचे तेल धरून ठेवते आणि धुतल्यावरही त्यातून कुबट वास डोकावतो. बारा तास बूट घालावे लागत असतील तर माझा कौल लोकरीला, आणि ती परवडत नसेल तर सुती मोज्यांच्या दोन जोड्यांना, ज्यातली दुसरी जोडी दुपारी बदलता येते. धुताना मोजे उलटे करावेत, कारण मृत कातडी आतल्या बाजूला असते. सुती मोजे 60 अंश सेल्सियसच्या पाण्यात धुतले तर अधिक जिवाणू मरतात.

बुटाला सुकण्यासाठी एक रात्र पुरत नाही. किमान 24 तास, आणि घाम जास्त असेल तर 48 तास लागतात. म्हणून एकच महागडी जोडी रोज वापरण्यापेक्षा दोन साध्या जोड्या आळीपाळीने वापरणे अधिक फायद्याचे ठरते. बूट फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण थंडीत बहुतेक जिवाणू नुसते झोपी जातात आणि पायाच्या उबेने पुन्हा जागे होतात. खाण्याचा सोडा रात्रभर बुटात ठेवला तर आम्लाचा वास कमी होतो, मात्र ओल कायम राहते. चामड्याचा बूट कृत्रिम वरच्या भागाच्या बुटापेक्षा अधिक बाष्प बाहेर सोडतो, पण त्याला कडक उन्हात ठेवले तर तो तडकतो. वाऱ्यात, जीभ पूर्ण मागे ओढून ठेवलेला बरा.

कामाच्या ठिकाणी ठरावीक बूटच घालावे लागतात आणि दुसरी जोडी घेणे शक्य नसते, अशी अनेकांची अडचण असते. त्यांनी बुटाच्या आतला तळ उचकटून पाहावा. टाच आणि चवडा टेकतो तेथे त्यावर काळपट, गुळगुळीत, जवळजवळ चामड्यासारखा ठसा उमटलेला दिसतो. वासाचे खरे घर ते. असा तळ सुटा असेल तर नव्या तळांच्या दोन जोड्या आणून रोज एक बाहेर वाळत ठेवता येते, आणि मोजे, पावडर किंवा वॉश यांपैकी कशावरही खर्च करण्याआधी एवढे करून पंधरा दिवस थांबून पाहावे.