काखेतले पिवळे डाग आणि बोहरी आळीतली पावडर

सिंहगड रस्त्यावरून शिवाजीनगरपर्यंत पाठीला सॅक लावून रोज दुचाकीने जाणाऱ्या माणसाचा पांढरा शर्ट एप्रिलच्या उन्हात काखेत किती दिवस पांढरा राहणार? माझे तीन शर्ट काखेत पिवळे पडले होते आणि तिथले कापड खळ दिल्यासारखे कडक झाले होते. धुतलेल्या शर्टावर गरम इस्त्री फिरवली की जुना वास पुन्हा उठत असे. त्यातला एक मी घराजवळच्या लॉन्ड्रीत दिला, तेव्हा तिथे त्यावर क्लोरीनचे ब्लीच वापरले गेले आणि डाग जाण्याऐवजी गडद होऊन परत आला. या डागांवर हे ब्लीच उलटते, हे मला नंतर कळले.

हा डाग निव्वळ घामाचा नसतो. ताज्या घामाला फारसा वास नसतो; काखेतले जिवाणू त्यातील घटकांचे विघटन करतात तेव्हा तो येतो. पिवळेपणाला मुख्यतः घाम रोखणाऱ्या रोल-ऑनमधले ॲल्युमिनियमचे क्षार कारणीभूत असतात, कारण ते घामाशी मिसळून धाग्यात बसतात. रोल-ऑन सोडून तुरटी लाव, असे आईने सुचवले, पण तुरटी हाही ॲल्युमिनियमचाच क्षार आहे, हे तिला सांगण्याचे धाडस मी अद्याप केलेले नाही.

शेवटी रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून ऑक्सिजन ब्लीचची, म्हणजे सोडियम परकार्बोनेटची, अर्धा किलो पावडर १८० रुपयांना आणली. पाण्यात विरघळल्यावर तिच्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा सुटतो. थंड पाण्यातही चालते, असे पाकिटावर छापले आहे, परंतु माझ्या पहिल्या प्रयत्नात नळाच्या पाण्याच्या बादलीत पावडर तळाशी बसून राहिली आणि डाग जसाच्या तसा राहिला. दुसऱ्यांदा मी आधी डागावर पांढरे व्हिनेगर ओतून अर्धा तास ठेवले, शर्ट नीट खळबळून घेतला आणि मग हात जेमतेम सोसेल अशा चार लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे पावडर विरघळवून त्यात तो चार तास बुडवला. थोड्याच वेळात काखेच्या शिवणीभोवती बारीक बुडबुडे धरले. संध्याकाळी शर्ट पिळताना कापड पुन्हा मऊ लागले आणि पिवळेपणाची फक्त एक फिकट कड उरली, जी आणखी एका खेपेत गेली. दुसरा शर्टही असाच निघाला. (व्हिनेगर आणि क्लोरीनचे ब्लीच मात्र कधीही एकत्र करू नये; त्यातून विषारी वायू सुटतो.)

तक्रारी दोन आहेत. पाकिटावर मराठीत एक अक्षर नाही, आणि रेशीम व लोकरीवर ही पावडर वापरू नये हा इशारा इतक्या बारीक टाइपात आहे की तो मला चष्मा लावून शोधावा लागला. रंगीत कपड्यासाठी आतल्या दुमडीवर आधी चाचणी घ्यावी, हे तर कुठेच नाही. ओला चमचा पाकिटात घालू नये, कारण ओल लागली की पावडरीचा जोर ओसरतो.

काखेच्या बाबतीत मी एवढाच बदल केला आहे, की आंघोळीनंतर काख पूर्ण कोरडी केल्याशिवाय शर्ट चढवत नाही आणि रोल-ऑन सकाळच्या घाईऐवजी रात्री कोरड्या त्वचेवर लावतो, म्हणजे ते कापडाऐवजी अंगाला लागते. धुण्यापूर्वी इस्त्रीही मारत नाही, कारण उष्णतेने डाग पक्का होतो.

लॉन्ड्रीतून आलेला तिसरा शर्ट तीन वेळा भिजवूनही पिवळाच राहिला. तो आता डिसेंबरात स्वेटरखाली घालण्यासाठी ठेवला आहे.