नेमणूकपत्रं वकिलाकडून करून घेतली, त्याला नऊ महिने झाले

पुण्यात आमचं कंट्रोल पॅनेल आणि पीएलसी (कारखान्यातली यंत्रं चालवणारा छोटा संगणक) प्रोग्रॅमिंगचं छोटं काम आहे. माणसं 23. 2025 च्या जूनपर्यंत आमचं नेमणूकपत्र म्हणजे भागीदारानं त्याच्या जुन्या कंपनीतून आणलेली वर्डची फाइल. वाद झाला तर न्यायालय कुठलं, तर त्यात बेंगळुरूचं! आठ वर्षं आम्ही त्यावर सह्या घेतल्या. चूक दाखवली ती नोकरी सोडून चाललेल्या एका मुलानं, तेही हसत हसत.

मग शोधाशोध. सीए म्हणाले, 'फॉरमॅट पाठवतो', आणि पाठवलाही. आमच्याच फाइलीचा चुलतभाऊ होता. एका ऑनलाइन सेवेनं बारा प्रश्न विचारून दुसऱ्या दिवशी अकरा पानं पाठवली, तीन हजारांत. दिसायला झकास, पण प्रत्येक कलम कुठल्याही कंपनीला चालेल असं. पीएफ-ईएसआयसी बघणारे आमचे सल्लागार कामगार कायद्याचा डिप्लोमा केलेले, चलन कधी चुकवत नाहीत. त्यांनी स्वतःच सांगितलं, "हे वकिलाकडून करा, उद्या कोर्टात उभा राहायला मी नसणार." या प्रामाणिकपणाबद्दल मी त्यांना अजून मानतो. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची बंदी आहे, त्यामुळे चांगला माणूस ओळखीतूनच सापडतो. शेजारच्या गाळेवाल्यानं नाव दिलं ते कामगार न्यायालयात रोज उभ्या राहणाऱ्या एका मॅडमचं. मालक आणि कामगार, दोन्ही बाजूंच्या केसेस त्या घेतात. मला वाटतं निवड करताना हीच गोष्ट सगळ्यात जास्त बघावी. कागद कुठे फाटतो हे फाडणाऱ्यालाच ठाऊक.

पहिल्या भेटीत पत्राचा विषयच निघाला नाही. कोण दिवसभर नेमकं काय करतो, एवढंच दीड तास विचारत होत्या. आमचे दोन 'सीनिअर इंजिनिअर' प्रत्यक्षात वायरिंग करतात. माणूस कायद्याच्या लेखी कामगार आहे का, हे त्याच्या खऱ्या कामावरून ठरतं, व्हिजिटिंग कार्डावरून नाही. आणि कामगार ठरला तर त्याला काढण्याची रीतच वेगळी. म्हणून एकाऐवजी तीन प्रकारची पत्रं झाली.

मग काटछाट सुरू झाली. भागीदाराचं लाडकं कलम होतं, सोडल्यावर दोन वर्षं प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही. मॅडमनी सरळ रेघ मारली. 1872 च्या करार कायद्याच्या 27 व्या कलमापुढे ते टिकत नाही. नोकरीत असताना दुसरीकडे काम करायचं नाही आणि आमची गुपितं बाहेर न्यायची नाहीत, एवढं राहिलं. मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायचे, अशा पाच लाखांच्या बाँडवर मात्र भागीदार अडून बसला. मे 2025 मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाखांची अट मान्य केली होती, ती बातमी त्यानं मोबाइलवर काढून दाखवली. मॅडम म्हणाल्या, "ती सरकारी बँक होती, भरतीचा खर्च तिनं मांडला. तुम्ही या मुलांवर काय खर्च केलात? पावत्या दाखवा." पावत्या निघाल्या त्या बाहेरच्या कोर्सच्या, माणशी 38,400 रुपयांच्या. त्यामुळे बाँड उरला तेवढाच, दर महिन्याला बाराव्या हिश्शानं कमी होणारा. बोलता बोलता तीन मुलांच्या मूळ मार्कशीट आमच्या कपाटात आहेत हेही निघालं. त्या दुसऱ्याच दिवशी परत द्यायला लावल्या. तेव्हा राग आला होता, आता लाज वाटते.

रजांचंही तसंच. आमच्या पत्रात वर्षाला सरसकट 15 रजा, न वापरलेल्या 31 मार्चला बाद. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठ किरकोळ रजा वेगळ्या, आणि भरपगारी रजा 45 दिवसांपर्यंत साठवता येतात. म्हणजे इतकी वर्षं आम्ही लोकांच्या रजा खात होतो.

माझ्या मते पैसे वसूल झाले ते मात्र मी न मागितलेल्या कागदात. नाशिकचा एक मुलगा आम्हाला फ्रीलान्स ड्रॉइंग करून देतो. पगारी माणसानं कामाचा भाग म्हणून केलेल्या ड्रॉइंगचा कॉपीराइट मुळातच मालकाचा असतो, फ्रीलान्सरचं तसं नाही. त्याच्याकडून हक्क लेखी घ्यावे लागतात, आणि त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षंच धरतो. सहा वर्षांची ड्रॉइंग आमची आहेत असं आम्ही नुसतं समजून चाललो होतो.

21 नोव्हेंबर 2025 ला चार कामगार संहिता (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे) लागू झाल्या तेव्हा पोटात गोळा आला. आता सगळं परत? पगाराचा तक्ता मॅडमनी आधीच वेगळ्या परिशिष्टात ठेवला होता. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाले की वरचा भाग वेतनात धरायचा, हा नवा नियम आला आणि फक्त ते पान बदललं. मुख्य पत्रात एक गोष्ट बदलली, सोडणाऱ्याचा हिशोब 45 दिवसांऐवजी दोन कामाच्या दिवसांत. अकाउंट्सच्या ताई अजून कुरकुरतात. चार वायरमनना तर आजवर पत्रच नव्हतं; नव्या नियमानं ते द्यावंच लागतं, तेही दिलं.

खरी परीक्षा जानेवारीत झाली. कोर्स करून सात महिने झालेला मुलगा आमच्याच ग्राहकाकडे निघाला. पूर्वी असतं तर आरडाओरडा, धमक्या, मग गप्प बसणं. या वेळी पाच महिन्यांचे 16,000 त्यानं स्वतः ट्रान्सफर केले, लॅपटॉप ठेवला, शुक्रवारी हिशोब घेतला. त्या ग्राहकाचं काम अजून आमच्याकडेच आहे.

तक्रारी आहेत. दोन आठवडे सांगून पाच लागले. अकरा ते पाच फोन लागत नाही, कोर्टात असतात. फी 35,000, आणि नोव्हेंबरच्या बदलांचे 6,000 वेगळे, हे आधी सांगितलं नव्हतं. तुम्ही 'पुढचे बदल किती दिवस फीमध्ये धरलेत' हे पहिल्याच दिवशी विचारा. वायरमनसाठीच्या मराठी प्रतीत इतकं 'उपरोक्त' आणि 'सदरहू' होतं की एकानं विचारलं, "साहेब, ही समन्स आहे का?" ती प्रत मी आणि ताईंनी बसून सोपी केली, मॅडमनी तपासून दिली. इंग्रजी आणि मराठीत फरक पडला तर कुठली प्रत धरायची, ही ओळही तेव्हाच आली.

गेल्या आठवड्यात रुजू झालेल्या मुलीनं सही करण्याआधी विचारलं, साइटला जाताना प्रवासात गेलेले तास कामात धरणार का? उत्तर पत्रात होतं, पण सहाव्या पानावर, आणि तिथेही 'कंपनीच्या धोरणानुसार'. असं धोरण आम्ही कधी लिहिलेलंच नाही. मॅडमना फोन केला. कोर्टात आहेत.