बर्गर टोपीचा क्रोशे संच आणि सात ग्रॅमची तूट

गेल्या पावसाळ्यात मी बर्गरच्या आकाराची टोपी विणण्याचा क्रोशे संच ऑनलाइन मागवला होता. टोपी केव्हाच पूर्ण झाली, जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या ड्रीम रनमध्ये माझ्या भाच्याच्या डोक्यावर मिरवूनही आली, आणि आता त्याच्या कार्यालयातील एका मुलीला तशीच टोपी हवी आहे. तेव्हा दुसरा संच मागवण्याआधी पहिल्याचा हिशेब लिहून काढणे मला आवश्यक वाटते. संचात काय काय येते ते विक्रेत्याच्या पानावर दिलेलेच आहे, त्यामुळे त्याची उजळणी करीत नाही. मला लिहायचे आहे ते मुख्यतः बदामी रंगाच्या गुंड्याविषयी, कारण त्याच्या पट्टीवर ५० ग्रॅम छापलेले होते आणि कागदी पट्टी काढल्यावर तो ४३ ग्रॅम भरला.

गुंडा उकलण्याआधी तोलून पाहण्याची सवय मला वडिलांकडून लागली. ते परळच्या एका कापड गिरणीत सूत तपासणीच्या खात्यात होते आणि घरी आलेला प्रत्येक जिन्नस, मग तो रवा असो की लोकर, वजन केल्याशिवाय डब्यात जात नसे. हा निव्वळ चिकटपणा आहे असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी थोडे गणित देते. टोपीची सुरुवात सहा मुक्या खांबांनी, म्हणजे क्रोशेच्या आखूड टाक्यांनी होते, दर फेरीला सहा टाके वाढतात, आणि पंधराव्या फेरीला नव्वद टाके होऊन घेर साधारण ५३ सेंटिमीटर भरतो, जो मोठ्या माणसाच्या डोक्याला किंचित ताणून नीट बसतो. पुढे टाके न वाढवता सरळ विणत जायचे असते. चार मिलिमीटरच्या सुईने विणलेल्या नव्वद टाक्यांच्या एका फेरीला सव्वा ग्रॅमच्या आसपास धागा लागतो, म्हणजे सात ग्रॅमची तूट ही पाच-साडेपाच फेऱ्यांची तूट आहे. खालचा पाव ज्या पट्टीने तयार होतो ती दुमडून दुहेरी करायची असते आणि नेमका तिथेच माझा धागा संपला.

नमुन्याबद्दल एक सूचना इथेच नोंदवते, कारण व्हिडिओत ती कोणी देत नाही. प्रत्येक फेरीत एकावर एक, त्याच जागी टाके वाढवत गेल्यास पावाचा माथा गोल न दिसता षट्कोनी दिसू लागतो. म्हणून एकाआड एक फेरीत वाढीची जागा थोडी पुढे सरकवावी. बाकी नमुना सोपा आहे, आणि ज्याला साखळी व खांब येतात त्याला तो लोकलच्या प्रवासातही जमेल, बसायला जागा मिळाली तर.

आता तक्रारीचे. ग्राहक सेवेने प्रथम पाकीट उघडतानाचा व्हिडिओ मागितला. मी कळवले की व्हिडिओत गुंडा दिसेल, त्याचे वजन दिसणार नाही. त्यावर उत्तर आले की घरगुती काटा ग्राह्य धरता येत नाही. २०११ सालच्या मालिकेतील पाच रुपयांचे नाणे सहा ग्रॅमचे असते. तशी दहा नाणी गोळा करून मी काट्यावर ठेवली आणि ६० आकडा दाखवणारा फोटो पाठवला. दोन दिवसांनी तिसरे उत्तर आले, आणि खरे सांगायचे तर त्या उत्तरानेच मी चिडले: हवामानातील ओलाव्यामुळे धाग्याच्या वजनात फरक पडू शकतो, असे त्यात लिहिले होते.

फरक पडतो, हे खरे आहे; पण कोणत्या धाग्याच्या आणि कोणत्या दिशेने? सूत हवेतून आपल्या कोरड्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून ठेवते, मेंढीची लोकर त्याहून पुष्कळ अधिक धरते, आणि म्हणूनच या दोन्हींच्या व्यापारात ओलाव्याचे प्रमाण ठरवून घेण्याची पद्धत आहे. या संचातला धागा मात्र शंभर टक्के ॲक्रिलिक आहे, आणि ॲक्रिलिकमध्ये ते प्रमाण जेमतेम दीड ते दोन टक्के असते. म्हणजे गुंडा अगदी ठणठणीत वाळवला तरी एखाद्या ग्रॅमपेक्षा अधिक घट होऊ शकत नाही. शिवाय गुंडा माझ्या घरी तोलला गेला तो मुंबईच्या जुलै महिन्यात, जेव्हा कपाटातले कपडे घडीतच दमट होतात. तेव्हा ओलाव्याने काही झालेच असेल तर वजन वाढले असेल. हे सर्व मी त्यांना लिहून पाठवले आणि शेवटी एवढेच जोडले की पाकीटबंद मालावर निव्वळ वजन छापणे ही वैधमापनशास्त्राच्या, म्हणजे वजने-मापांच्या सरकारी नियमांनुसार सक्ती आहे, शोभा नव्हे, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मला पाठ आहे. त्याच संध्याकाळी २५ ग्रॅमचा नवा गुंडा पाठवण्याचे मान्य झाले. कुरिअरचे ७० रुपये मात्र माझ्याकडूनच घेतले गेले, आणि दिलगिरी म्हणून पुढील खरेदीवर दहा टक्के सवलतीचे कूपन आले.

नवा गुंडा वजनाला पुरा होता, पण रंगाच्या दुसऱ्या घाणीतला होता. पट्टीवरील लॉट क्रमांक वेगळा होता, आणि तो मी पाहिला नसता तरी दिवसा खिडकीशी धरल्यावर फरक लपत नव्हता. रात्री ट्यूबलाइटखाली मात्र दोन्ही अगदी सारखे दिसत. एकाच वस्तूसाठी लागणारा सगळा धागा एकाच लॉटचा असावा, हे विणणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही, विकणाऱ्यांना मात्र सांगावे लागते. रागाच्या भरात मी खालचा पाव त्या फिकट धाग्याने पूर्ण केला.

इथे मला माझे मत थोडे बदलावे लागते. मुळात मी बर्गर विणतच नव्हते. ज्या शहरात दादर स्थानकाबाहेर १९६६ साली अशोक वैद्य यांनी वडापाव विकायला सुरुवात केली असे सांगितले जाते, त्या शहरात धावताना मुलाने डोक्यावर बर्गर घ्यावा हे मला पटले नव्हते. त्यामुळे संचातील तपकिरी धागा बाजूला ठेवून मधला थर पिवळा विणला, त्याच्या दुसऱ्या फेरीत टाके वाढवून व शेवटच्या फेरीत तेवढेच घटवून त्याला फुगवटा आणला आणि आत कापूस भरला. लेट्यूसची झालर तशीच ठेवली, ती हिरवी चटणी झाली. टोमॅटोच्या लाल धाग्याची सुकी चटणी केली आणि माथ्यावर तळलेली मिरची शिवली. तिळासाठी दिलेला पांढरा धागा वापरला नाही. पावावर तीळ मी घालणार नाही. पिवळा धागा संचात अपुरा असल्याने तो दादर पश्चिमेच्या एका दुकानातून घेतला, जिथे दुकानदार अजूनही गुंडा आपल्यासमोर तराजूत टाकतो. टोपी तयार झाल्यावर दिसले की लादीपावाचा माथा खरपूस आणि कड पांढुरकी असते, तशीच ती दोन रंगांमुळे दिसत होती, आणि ज्याने ज्याने टोपी पाहिली त्याने त्या रंगसंगतीचेच कौतुक केले. याचे श्रेय मी विक्रेत्याला देत नाही.

वापराबद्दल थोडक्यात. २२ जानेवारी १९६२ रोजी मुंबईचे किमान तापमान ७.४ अंशांवर उतरले होते. तसे पुन्हा झाले तर ही टोपी ऊब देईल. एरवी सुमारे सहा किलोमीटरच्या ड्रीम रनमध्ये ती निव्वळ छळ आहे, कारण ॲक्रिलिक घाम शोषून घेत नाही आणि तो कानांमागून ओघळत राहतो. त्याचा दुसरा अर्थ असा की धुतल्यावर ती लवकर वाळते. साध्या पाण्यात साबणाने हाताने धुवावी, पिळू नये, आणि पालथ्या पातेल्यावर चढवून वाळवावी, म्हणजे माथा बसत नाही. इस्त्री किंवा वाफ अजिबात देऊ नये. उष्णतेने ॲक्रिलिक कायमचे लुळे पडते. सुईची रबरी मूठ पावसाळ्यातच चिकट झाली, तिच्यावर टाल्कम पावडर चोळून काम भागते.

वरचा मजकूर लिहून ठेवला होता, तेवढ्यात दुसरा संच आला. बदामी गुंडा तोलला: ५० ग्रॅम, वर एक ग्रॅम. हिरवा आणि लालही पुरे भरले. लॉट क्रमांक आता पट्टीवर ठळक छापलेला आहे आणि नमुन्यात टाके वाढवण्याची जागा सरकवण्याची सूचनाही आली आहे. तेव्हा पाचपैकी दोन देणार होते ते साडेतीन करते. चार देत नाही, कारण ८४९ रुपयांचा संच आता ९४९ रुपयांना झाला आहे. म्हणजे सात ग्रॅम आणि लॉट क्रमांक यांचे शंभर रुपये ग्राहकाकडूनच वसूल झाले आहेत.

सवलतीच्या कूपनचेही सांगते, कारण ते अनेकांना मिळाले असावे. ते ९९९ रुपयांच्या पुढील खरेदीलाच चालते, आणि संच ९४९ चा आहे. त्यांच्या पानावरील सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे टाके ओळखण्याच्या प्लास्टिकच्या चिमट्यांचे ९९ रुपयांचे पाकीट. ते सोबत घेतल्यास बेरीज १,०४८ होते, दहा टक्के वजा जाऊन ९४३ रुपये २० पैसे उरतात, म्हणजे चिमटे फुकट पडून वर ५ रुपये ८० पैसे वाचतात. मी तसेच केले. पाकिटावर सहा नग असे छापले आहे. मोजले, सहा आहेत.