वणव्याच्या धुरात सीपॅप: पैसे मशीनच्या फिल्टरवर घालायचे की खोलीच्या हवेवर?

नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज गाव वणव्यात जळालं, तेव्हा आम्ही सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमाँटला होतो, म्हणजे अडीचशेएक किलोमीटर लांब. तरी जवळजवळ दोन आठवडे धूर हलला नाही. शाळांना सुट्ट्या पडल्या, दुकानांतले एन-९५ मास्क संपले. त्याच दिवसांत एका सकाळी मी सीपॅपच्या, म्हणजे झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या माझ्या मशीनच्या, मागचं झाकण उघडलं. दहा दिवसांपूर्वी घातलेला पांढराशुभ्र फिल्टर कंदिलाच्या काचेसारखा काजळला होता, मधोमध जास्त, आणि कडेला झाकणाच्या जाळीची नक्षी उमटलेली.

"हे सगळं तुझ्या नाकात गेलं असतं," बायको म्हणाली.

"यात जे अडकलं नाही, ते गेलंच असेल की," मी म्हटलं.

म्हटलं ते गमतीने, पण प्रश्न नेमका तोच आहे. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, दर उन्हाळ्याअखेर कुणी ना कुणी विचारतं: मशीनला भारी फिल्टर लावू की एअर प्युरिफायर घेऊ? दोन्ही वापरून झालंय, म्हणून लिहितो. मी डॉक्टर नाही. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

एक गैरसमज आधी काढून टाकू. सीपॅपमधून ऑक्सिजन येत नाही. मशीन खोलीतलीच हवा ओढतं आणि दाबाने नाकात ढकलतं. शिवाय उच्छ्वास बाहेर पडावा म्हणून मास्कला बारीक भोकं असतात. दाब १० (सेंटिमीटर पाण्याएवढा) असेल तर त्यातून मिनिटाला साधारण ३० ते ४० लिटर हवा सतत निघून जाते. सात तासांच्या झोपेत १५,००० लिटरच्या आसपास हवा त्या काडेपेटीएवढ्या चौकोनातून ओढली जाते. तो काळा पडतो यात नवल नाही.

साधा फिल्टर की बारीक फिल्टर

मशीनसोबत येतो तो साधा फिल्टर धूळ, परागकण, मांजराचे केस अडवण्यासाठी असतो. वणव्याच्या धुरातले बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) लहान असतात, आणि आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड. साधा फिल्टर काळा झाला म्हणजे त्याने धूर अडवला असं समजू नका. त्याने थोडा अडवला, एवढंच.

बारीक फिल्टर रेसमेड कंपनीच्या मशीनना 'हायपोअॅलर्जेनिक' नावाने मिळतो आणि फिलिप्सच्या मशीनना 'अल्ट्रा-फाइन' नावाने. विणीला तो दाट असतो आणि बारीक कण बरेच जास्त धरतो. पण तो हेपा नव्हे. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा. ऑनलाइन दुकानांत पाकिटावर खुशाल 'हेपा' छापलेले स्वस्त फिल्टर मिळतात. मी घेतलेले मापात एक-दोन मिलिमीटर कमी भरले. कडेने फट राहिली की हवा तिथूनच जाणार, मग वीण कितीही दाट असो.

दोन्हींच्या किमतीत फरक आहे, पण वर्षाचा हिशेब केला तर बारीक फिल्टरचा खर्च दोन-तीन वेळच्या बाहेरच्या जेवणाएवढा. धुराच्या मोसमात तो लावावाच. दाब तोच राहतो, मशीन तेवढं सांभाळून घेतं. मात्र तो धुवायचा नाही. फिलिप्सचा फोमसारखा फिल्टर धुता येतो, बारीक नाही. एरवी महिनाभर चालणारा धुरात आठवड्यात बदलावा लागतो, कारण धुराच्या तेलकट कणांनी धाग्यांची पकड ढिली पडते.

नळीच्या तोंडाशी लावायचा गोल फिल्टर

हा इस्पितळातला प्रकार, मुळात जंतूंसाठी. तो मशीन आणि नळीच्या मध्ये बसतो. (आमच्याकडे नळीला सोंड म्हणतात, भाच्याने ठेवलेलं नाव.) गाळणी म्हणून हा मशीनमधल्या चौकोनापेक्षा सरस, पण ह्युमिडिफायर (हवेत ओलावा घालणारी मशीनची पाण्याची टाकी) चालू असेल तर ओली हवा त्यातून जाते, तो भिजतो आणि दाब मास्कपर्यंत पोचेपर्यंत कमी होतो. मशीनला त्याची कल्पना द्यावी लागते, आणि ते सेटिंग बहुधा डॉक्टरांच्या मेनूत असतं. मी दोन रात्री वापरला. दुसऱ्या रात्री घसा असा कोरडा पडला की पहाटे चारला उठून काढून टाकला. मशीन पुरवणाऱ्यांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नका. आणि एन-९५ कापून किंवा घर गरम करणाऱ्या फर्नेसचा फिल्टर कातरून झाकणात कोंबणं तर नकोच. सुटे धागे ओढले गेले तर थेट छातीत.

खोलीची हवा

आता माझं मत. दोनशे डॉलर खर्च करायचे असतील तर ते आधी झोपायच्या खोलीवर करा. मशीनचा फिल्टर फक्त मास्क लावलेल्या माणसाचे सात तास सांभाळतो. उरलेले सतरा तास, शेजारी झोपलेली बायको, पाळण्यातलं बाळ यांना त्याचा काही उपयोग नाही. आणि खोलीतली हवाच स्वच्छ असेल तर मशीनच्या फिल्टरला करायला फारसं काम उरत नाही.

प्युरिफायर घेताना दिसण्यावर जाऊ नका, धुरासाठीचा सीएडीआर आकडा बघा, म्हणजे तो मिनिटाला किती घनफूट स्वच्छ हवा देतो ते. एरवी तो खोलीच्या चौरस फुटांच्या दोन तृतीयांश असला तरी चालतो. वणव्याच्या धुरासाठी चौरस फुटांएवढा हवा. म्हणजे १५० चौरस फुटांच्या खोलीला १५०. खोलीचं दार बंद, खिडक्या बंद, एसी बाहेरची हवा ओढत असेल तर ती झडप बंद. सीपॅप गालिच्यावर किंवा खिडकीच्या फटीजवळ ठेवू नका. प्युरिफायरची स्वच्छ हवा जिकडे येते त्या बाजूच्या टेबलावर ठेवा. आमच्याकडच्या छोट्या मीटरवर बाहेरचा पीएम २.५ (हवेतल्या २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांचं प्रमाण) तीन आकडी असताना खोलीतला तासाभरात दोन आकड्यांवर येतो.

पैसे कमी असतील तर घरी करायचा उपाय आहे: २०२० मध्ये रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेन्थल यांच्या नावाने प्रसिद्ध झालेली पेटी. मर्व्ह १३ चे (बारीक कण धरणाऱ्या प्रतीचे) चार-पाच फिल्टर, एक चौकोनी बॉक्स पंखा आणि चिकटपट्टी. पंखा २०१२ नंतर बनलेला घ्या, जुने तापू शकतात. आवाज अगदी गावाकडच्या कूलरचा. मला त्यात झोप छान लागते, बायकोला नाही.

ओझोन सोडणारे प्युरिफायर किंवा सीपॅप साफ करायचे ओझोनवाले डबे मात्र घेऊ नका. जून २०२१ मध्ये फिलिप्सने आतला फोम झिजत असल्यामुळे लाखो मशीन परत मागवली, तेव्हा ओझोनने तो फोम जास्त खराब होऊ शकतो असा इशारा दिलेला होता. फुप्फुसांनाही ओझोन त्रासदायकच.

वास मात्र यांपैकी कुठलाच कणांचा फिल्टर घालवत नाही. तो वायूंचा असतो, त्याला कोळशाचा जाड थर लागतो. सकाळी जळकट वास आला म्हणजे फिल्टर फुकट गेला असं नाही.

उलटा हिशेब कुणासाठी

ऑक्टोबर २०१९ मध्ये वणव्याच्या भीतीने उत्तर कॅलिफोर्नियातल्या लाखो घरांची वीज वीजकंपनीने आपणहून बंद केली होती. अशा रात्री प्युरिफायर निव्वळ शोभेचा. सीपॅप बॅटरीवर चालतं, ह्युमिडिफायर आणि गरम नळी बंद ठेवली तर बरंच जास्त वेळ. तेव्हा गाळणी म्हणून हाताशी उरतो तो बारीक फिल्टरच. डोंगराकडेला राहणारे, घर सोडून मोटेलात जावं लागेल असे, सतत प्रवासात असणारे, यांनी फिल्टरचं पाकीट आणि बॅटरी आधी घ्यावी, प्युरिफायर नंतर. वीजकंपनीच्या मेडिकल बेसलाइन योजनेत (वैद्यकीय यंत्रांवर अवलंबून असणाऱ्यांसाठी) डॉक्टरांच्या सहीने नावही नोंदवून ठेवा. वीज जाण्याची आगाऊ सूचना मिळायला मदत होते.

काहीजण धुराच्या रात्री मशीनच लावत नाहीत, 'कशाला धूर ओढून घ्यायचा' म्हणून. पण मास्क काढला तरी हवा तीच, फक्त गाळणीशिवाय. वर घोरणं आणि श्वास अडकणं परत सुरू.

बाबा दर दोन वर्षांनी पुण्याहून सहा महिने येतात, तेही सीपॅपवाले. त्यांच्या मशीनचा अॅडॉप्टर १०० ते २४० व्होल्टचा, त्यामुळे इथे फक्त पिन बदलावी लागते. फिल्टर मात्र त्यांच्या कंपनीचा इथे मिळता मिळेना. तेव्हापासून ते चितळ्यांच्या बाकरवडीबरोबर डझनभर बारीक फिल्टर घेऊन येतात आणि प्रत्येकाच्या कडेला बॉलपेनने तारीख घालून ठेवतात.