तामण, नीलमोहोर की कांचन? अंगणातल्या एका जांभळ्या झाडासाठी

अंगणात एकच झाड बसतंय आणि ते जांभळ्या फुलांचं हवंय, एवढं सांगून अलिबागच्या माझ्या मामेबहिणीने निर्णय माझ्यावर सोपवला. खरं तर तिचं ठरलेलंच होतं. मार्चअखेरीस ती पुण्यात आली तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी नीलमोहोर ऐन बहरात होता. झाडावर पान जवळजवळ नाही, खाली निळसर जांभळा सडा. “दादा, हेच झाड.” मी म्हटलं, पुण्यात हो, तुझ्याकडे नको.

नीलमोहोर म्हणजे जकरंडा. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, अर्जेंटिना-बोलिव्हियाकडचा. प्रिटोरिया, बंगळूर अशा उंचावरच्या शहरांत तो जीव ओतून फुलतो, कारण त्याला थंड, कोरडा हिवाळा मानवतो. किनाऱ्याच्या दमट हवेत झाड उंच होतं, नेच्यासारखी नाजूक पानं छान येतात, पण फुलायच्या वेळी चार घोस दाखवून गप्प बसतं. दुसरं, त्याला मुळाशी साचलेलं पाणी अजिबात चालत नाही. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझा पहिला नीलमोहोर मी हौसेने छपराचं पाणी उतरतं त्या कोपऱ्यात लावला, तोही काळ्या मातीत. दुसऱ्या पावसाळ्यात बुंधा मातीलगत मऊ पडला, नखाने साल सुटून आली. रोप बियांचं असेल तर फुलासाठी बरीच वर्षं वाट बघावी लागते, ती वेगळीच. आणि वाढलेल्या झाडाचा शेंडा छाटू नये. छाटलात की सरळसोट काठ्या फुटतात आणि छत्रीसारखा डौल कायमचा जातो. बारीक पर्णिका पन्हळीत अडकतात हेही घर कौलारू असेल तर ध्यानात ठेवा. देशावर, निचऱ्याची जमीन आणि भिंतीपासून वीसेक फूट मोकळी जागा असेल, तर मात्र त्याच्या रंगाला तोड नाही.

तामणाचं उलट आहे. हे आपलंच झाड, कोकणात ओढ्याकाठी आपसूक वाढणारं, आणि महाराष्ट्राचं राज्यपुष्प. मेंदीच्या कुळातलं. पाय काही दिवस ओले राहिले तरी कुरकुरत नाही. एप्रिल-मेमध्ये, महाराष्ट्र दिनाच्या आगेमागे, फांद्यांच्या टोकांना उभे तुरे येतात. एक फूल हातात घेऊन बघा: सहा पाकळ्या, कडा इस्त्री न केलेल्या मलमलीसारख्या चुरगळलेल्या, मधे पिवळ्या केसरांचा झुबका. रंग एक-दोन दिवसांत फिका होतो, त्यामुळे एकाच तुऱ्यात गडद नि विटकी फुलं शेजारी दिसतात. मला ते आवडतं, बहिणीला “धुतल्यासारखं” वाटलं.

तामणाचे दोषही सांगतो. सुपारीएवढी लाकडी फळं तडकून काळपट होतात आणि वर्षभर झाडावरच राहतात. पानं मोठी; गळण्याआधी तांबूस होऊन सुंदर दिसतात, मग अंगणभर खडखडतात. झाडणाऱ्याला विचारून लावा! फूल नव्या फुटीच्या टोकावर येतं, म्हणून छाटणी पानगळीत, फेब्रुवारीत उरकायची, जुनी फळंही तेव्हाच काढायची. एप्रिलमध्ये कात्री लावलीत तर त्या वर्षीचा बहर गेला. देशावर लावणार असाल तर पहिले तीन उन्हाळे पाणी चुकवू नका. तहानलेलं तामण जगतं, पण फुलायला कंजूष होतं. भिंतीपासून बारा-पंधरा फूट पुरे.

जागा त्याहूनही कमी असेल तर देवकांचन. आटोपशीर झाड, बियांपासूनसुद्धा दोन-तीन वर्षांत फुलतं, फुलं ऑर्किडसारखी. बहर दिवाळीच्या सुमाराला, म्हणजे बाकी बाग पावसाळ्यानंतर दमलेली असताना. भिंतीपासून आठ-दहा फुटांवर लावला तरी चालतो, दरवर्षी हलकी छाटणी सोसतो. वाळलेल्या शेंगा उन्हात फटकन फुटून बिया दूर उडवतात, मग कुंड्याकुंड्यांत रोपं उगवतात. त्याचं खरं दुखणं दसरा. पान आपट्यासारखंच दुभंगलेलं, त्यामुळे ‘सोनं’ समजून लोक फाटकावरून हात घालून फांद्याच्या फांद्या ओरबाडतात, नेमक्या कळ्या धरलेल्या असताना. फाटकाजवळ लावू नका, एवढंच सांगेन.

शहरात राहत असाल तर आणखी एक. आवडलं नाही म्हणून पुढे झाड तोडता येत नाही. 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. खड्डा खणण्याआधी वर वीजतारा आहेत का ते बघून घ्या. खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल. निम्मी माती, निम्मं कुजलेलं शेणखत. हे तिन्ही झाडांना सारखंच.

बहीण शेवटी तामणावर आली, थोडी नाराजीनेच. तिला बजावलं, नर्सरीत नीट बघून घे. तामण म्हणून त्याचं परदेशी भावंड सर्रास गळ्यात मारतात. मलाही मारलं होतं. त्याची फुलं लहान, पावसाळ्यात येतात आणि लवकर पांढरी पडतात. झाड वाईट नाही, पण मागितलं ते नव्हे. रोपावर फूल नसतं तेव्हा खूण पानाची: तामणाचं पान लांब, जाडसर, शिरा ठसठशीत, त्या दुसऱ्याचं बरंच लहान.

काल तिने नर्सरीतून फोटो पाठवला. रोपाचं पान आणि त्यावर पसरलेला तिचा हात. पानाचं टोक मधल्या बोटाच्या पेराला भिडत होतं. घे म्हटलं.